चार लाखांचा गेमिंग पीसी: आधी पडदा, मग भिंत, मग पेटी

‘मामा, पप्पांनी चार लाख मंजूर केलेत. फिफ्टी-नाइन्टी घेऊन टाकू का?’

भाच्याचा फोन. वळीव नुकताच पडून गेला होता, लाईट गेलेली. मी विचारलं, ‘मॉनिटर कुठला हाय?’ तर म्हणे, ‘हाय की जुना. चोवीस इंची, पप्पांच्या हापिसातला.’

साठ हर्ट्‌झचा हापिसातला पडदा आणि त्याला फिफ्टी-नाइन्टी, म्हणजे दोन लाखांच्या वरचं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा पार्ट). कोल्हापूरच्या खासबागेत जंगी कुस्ती लावायची आणि लोकांना दाराच्या फटीतून बघायला सांगायचं, तसला प्रकार.

मी पोटासाठी उद्यमनगरात लेथवर असतो. पीसी असेंबल करणं हा नाद. नात्यातले, गल्लीतले, मित्रांचे मित्र असे बरेच पीसी आजवर हातांखालून गेलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. साठ हजारांत पीसी बसवायचा असेल तर चुकायला फारसा वाव नसतो, कारण निम्मे पर्याय खिसाच खोडून टाकतो. पैसे भरपूर असले की खोडणारं कुणी उरत नाही, आणि दुकानदारही ‘घ्या की साहेब, टॉपचं हाय’ म्हणत राहतो. मग एखादा पार्ट डोईजड होतो आणि बाकीचे त्याच्या ओझ्याखाली दबतात. म्हणून मोठ्या बजेटला मी उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. डोळ्यांसमोर काय दिसणार ते आधी ठरवायचं, भिंतीतून वीज कशी येणार ते त्याच दिवशी बघायचं. पेटीतलं सामान त्यानंतर.

आधी कागद

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी लिहा. कुठले गेम खेळणार, पीसी कुठल्या खोलीत ठेवणार आणि एकूण आकडा किती. या आकड्यात मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि विंडोजचं लायसन्स धरलेलं असू दे. बहुतेक जण पेटीवरच सगळे पैसे उडवतात आणि यूपीएस ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जातो. तो पुढचा महिना नेमका जूनचा असतो.

माझी वाटणी ढोबळ असते. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डाला, पाचवा हिस्सा पडद्याला, पाव हिस्सा किंवा थोडा जास्त प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारा बोर्ड) आणि रॅम मिळून. उरलेल्यात एसएसडी (गेम साठवायची जागा), पॉवर सप्लाय, कॅबिनेट, कूलर, यूपीएस. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे रुपयांपेक्षा हिस्से लक्षात ठेवलेले बरे.

पायरी १: पडदा

पडद्यावरचे ठिपके मोजा, म्हणजे कार्डावर किती काम पडणार ते कळतं. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २१ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे २५६० × १४४०, सुमारे ३७ लाख. ४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख. फुल एचडीवरून ४केवर गेलात की प्रत्येक चित्रासाठी बरोबर चौपट ठिपके रंगवायला लागतात, आणि हे सेकंदाला शंभरवेळा.

दुसरा आकडा हर्ट्‌झचा. साठ हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, २४० हर्ट्‌झचा दर ४.२ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला हा फरक बोटांत जाणवतो. सायबरपंक २०७७ मधल्या रात्रीच्या रस्त्यांवरून निवांत गाडी फिरवणाऱ्याला २४० ची गरज नाही. त्याला रंग आणि काळा काळा दिसणं जास्त मोलाचं.

म्हणून: नेमबाजीचे स्पर्धेचे गेम जास्त खेळत असाल तर २७ इंची, १४४०पी, २४० किंवा ३६० हर्ट्‌झ. गोष्टीचे मोठे गेम जास्त, तर ३२ इंची ४के. दोन्ही थोडं थोडं, असं असेल तर मी तरी २७ इंची १४४०पी ओएलईडीकडेच बोट दाखवतो. कारण त्या पडद्याला मधल्या पट्ट्यातलं कार्ड पुरतं आणि वाचलेले पैसे दुसरीकडे कामी येतात.

ओएलईडीबद्दल दोन शब्द. यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून काळं अगदी काजळासारखं दिसतं. पण एकच चित्र, म्हणजे विंडोजची खालची पट्टी किंवा गेममधला नकाशा, तासन्‌तास एकाच जागी राहिलं तर त्याची छाप कायमची उमटू शकते. याला बर्न-इन म्हणतात. दिवसभर ऑफिसचं काम आणि एक्सेल याच पडद्यावर होणार असेल तर चांगला आयपीएस किंवा मिनी-एलईडी (ठिपके स्वतः न पेटता मागून उजेड येणारे पडदे) घ्या. आणि घेताना वॉरंटीत बर्न-इन धरलंय का, हे लेखी बघा. तोंडी ‘व्हय, सगळं हाय’ला काही किंमत नाही. खोलीची खिडकी पश्चिमेला असेल तर चकचकीत काचेच्या पडद्यात दुपारभर गेमऐवजी स्वतःचं तोंड दिसेल, हेही लक्षात असू दे.

पायरी २: ग्राफिक्स कार्ड

आता पडद्याला जोडी बघायची. एनव्हिडियाच्या ५० मालिकेतलं सगळ्यात मोठं कार्ड आरटीएक्स ५०९०, जानेवारी २०२५ मध्ये आलेलं. ३२ जीबी जीडीडीआर७ मेमरी, वीज ५७५ वॅट. त्याखाली ५०८०, १६ जीबी आणि ३६० वॅट. त्याखाली ५०७० टीआय, १६ जीबी आणि ३०० वॅट. एएमडीकडून मार्च २०२५ मध्ये आलेलं आरएक्स ९०७० एक्सटी, तेही १६ जीबीचं, साधारण ५०७० टीआयच्या पंक्तीतलं.

भारतात जाहीर झालेली सुरुवातीची किंमत ५०९० ची २,१४,००० आणि ५०८० ची १,०७,००० रुपये होती. हे आकडे फक्त तुलनेसाठी. बाजारात या भावाला कार्ड मिळेल अशी आशा धरून दुकानदाराशी वाद घालू नका.

नीट बघा: ५०९० मध्ये ५०८० च्या दुप्पट कुडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) आहेत, २१,७६० विरुद्ध १०,७५२. किंमतही दुप्पट. पण गेममध्ये फ्रेम (सेकंदाला निघणारी चित्रं) दुप्पट मिळत नाहीत. ४केवर साधारण दीडपट, १४४०पीवर त्याहून कमी. कारण तिथं प्रोसेसरच मागं पडायला लागतो. तीच गोष्ट खालच्या बाजूला. ५०८० मध्ये ५०७० टीआयपेक्षा कोअर पाचव्या हिश्श्याने जास्त, मेमरी मात्र तेवढीच.

यातून माझा हिशोब असा. १४४०पी पडदा असेल तर ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी, डोळे मिटून. ४के असेल तर ५०८०. आणि ५०९० कुणी घ्यावं? ज्याला ४केवर पाथ ट्रेसिंग (उजेड-सावली खऱ्यासारखी मोजणं) लावून खेळायचंय आणि पैशांचा प्रश्नच नाही त्यानं, नाहीतर ज्याचं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं काम आहे त्यानं. ३२ जीबी मेमरी तिथं वसूल होते. भाऊबंदकीत मिरवायला घेणार असाल तर तेवढ्या पैशात चांगली सेकंडहॅण्ड बुलेट येते, ती जास्त लोक बघतात.

डीएलएसएस आणि एफएसआर ही नावं सारखी कानावर येतील. साध्या भाषेत, कार्ड कमी ठिपक्यांचं चित्र काढतं आणि मग ते शिकवलेल्या गणिताने मोठं करतं. हे आता इतकं सुधारलंय की ‘क्वालिटी’ मोडवर फरक शोधावा लागतो. मी स्वतः ते कायम चालू ठेवतो. फ्रेम जनरेशन ही वेगळी भानगड. त्यात दोन खऱ्या चित्रांमध्ये बनवलेली चित्रं घुसवतात. २०२५ मध्ये ५० मालिका आली तेव्हा एका खऱ्या चित्रामागे तीनपर्यंत. काउंटरवर आकडा २०० दिसतो, पण माउस हलवल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो, उलट किंचित उशिराच. खऱ्या फ्रेम साठच्या आसपास असतील तर ते छान वाटतं. तीसवर लावलं तर चिखलातून चालल्यासारखं. म्हणून जाहिरातीतला आलेख बघताना खाली बारीक अक्षरांत फ्रेम जनरेशन लिहिलंय का, ते आधी शोधा.

एकच कार्ड पाच कंपन्यांच्या नावाने मिळतं. आतली चिप तीच. ‘ओसी’, म्हणजे कारखान्यातूनच वेग वाढवलेलं, असं लिहिलेल्या मॉडेलला आठ-दहा हजार जास्त मोजून हाती दोन-तीन टक्के लागतात. त्यापेक्षा हा प्रश्न विचारा: कार्ड बिघडलं तर जमा कुठं करायचं? कोल्हापुरातच घेतात, की पुण्या-मुंबईला पाठवायला लागतं? कुरिअरचा खर्च कुणाचा? दोन किलोचं लाखाचं कार्ड स्वतः पॅक करून पाठवताना जीव खालीवर होतो. मूळ खोका आणि आतला फोम तीन वर्षं माळ्यावर जपून ठेवा. बायको, आई, कुणीही टाकायला सांगू दे.

पायरी ३: प्रोसेसर

इथं फार डोकं खाजवायला नको. निव्वळ गेमिंगसाठी एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी. आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे आठ हात, नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्याची मेख कॅशमध्ये आहे.

लेथवर उभा असलेला कारागीर सारखी लागणारी टूलं हाताशी मांडून ठेवतो. प्रत्येक वेळी उठून स्टोअरला जायला लागलं तर मशीन नुसतंच फिरत राहील आणि जॉब तिथंच. प्रोसेसरचं स्टोअर म्हणजे रॅम आणि हाताशी मांडलेलं टेबल म्हणजे कॅश. गेम हा असा जॉब आहे की त्याला कधी कुठलं टूल लागेल याचा नेम नसतो, म्हणून टेबल जितकं मोठं तितकं बरं. साध्या आठ कोअरच्या रायझनमध्ये ३२ एमबी एल३ कॅश असते. एक्स३डीमध्ये आणखी ६४ एमबीचा थर चिपला चिकटवून ती ९६ एमबी करतात. आधीच्या पिढ्यांत हा थर कोअरच्या वर बसायचा आणि उष्णता अडवायचा. ९८०० मध्ये तो खाली नेला, त्यामुळे तो थंड ठेवणं सोपं झालं.

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा कोडिंगचं जड काम पोटापाण्याचं असेल तर सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स३डी. नुसत्या गेमसाठी तो घेऊन काही जास्त पदरात पडत नाही. इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के कामाला तगडा, पण गेममध्ये एक्स३डीच्या मागे राहतो. आणि कुणी इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय९ ‘जवळजवळ नवा’ म्हणून स्वस्तात देत असेल तर सावध. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप झिजून अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसचे (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप मात्र अपडेटने दुरुस्त होत नाही.

९८००एक्स३डीच्या खोक्यात कूलर येत नाही. तो वेगळा घ्यायचाय, बजेटमध्ये धरा.

पायरी ४: मदरबोर्ड

एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), चिपसेट बी८५० किंवा एक्स८७०, वायफाय असलेला, आणि मागे ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटण असलेला. बस. पन्नास हजारांच्या बोर्डाने गेममध्ये एक फ्रेमही वाढत नाही. एएम५ २०२७ पर्यंत तरी चालवणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवता येईल.

एक बारकावा: काही महागड्या बोर्डांवर दुसऱ्या जेन ५ (पाचव्या, जास्त वेगाच्या पिढीच्या) स्लॉटमध्ये एसएसडी घातली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, सोळावरून आठवर येतात. कुठला स्लॉट आधी भरायचा ते मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल वाचायला लाजू नका, आम्हीही वाचतो.

पायरी ५: रॅम आणि एसएसडी

डीडीआर५, ६००० वेग, सीएल३०, दोन काड्या. १६-१६ मिळून ३२ जीबी गेमला भरपूर. काम असेल तर ३२-३२. चार काड्या लावू नका. ‘चारही स्लॉट भरलेले दिसायला भारी’ म्हणून लावलेल्या चार काड्या एएम५वर पूर्ण वेगाने चालायला कुरकुर करतात. सीएलचा आकडा, म्हणजे रॅमच्या उत्तराची बघायला लागणारी वाट, लहान असलेला बरा: ६००० वर सीएल३० म्हणजे दहा नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे बारा.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादनच ओढून घेतलं. म्हणून जुन्या व्हिडिओतले भाव डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर चक्कर येईल. ६४ जीबीचा मोह आवरायला आता हे एक चांगलं कारण.

एसएसडी दोन टीबीची, जेन ४, सेकंदाला सात हजार एमबीच्या आसपासची. जेन ५ वाल्या त्याच्या दुप्पट धावतात, तापतातही तशाच, आणि गेम लोड व्हायला फरक पडतो तो पापणी लवण्याइतका. एकेक गेम शंभर-दीडशे जीबी खातो, म्हणून वेगापेक्षा जागा घ्या.

पायरी ६: पॉवर सप्लाय आणि भिंत

‘भावा, पॉवर सप्लाय कुठला बी चालतंय की!’ हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्याकडून पीसी बांधून घेऊ नका.

कोटेशनमध्ये ‘८५० वॅट गोल्ड’ एवढंच लिहिलेलं असतं. ते मॉडेल नव्हे, ते वजन झालं. कंपनी, मॉडेल, एटीएक्स ३.१ नियमाचा आहे का, आणि वॉरंटी किती वर्षं, हे चारही लिहून मागा. चांगल्या सप्लायला दहा वर्षांची वॉरंटी असते. ५०८० साठी एनव्हिडिया ८५० वॅट सांगते, ५०९० साठी १००० वॅट. इतका मोठा का? कार्ड सरासरी ३६० वॅट घेत असलं तरी क्षणभर त्याहून बराच मोठा घोट घेतं. एटीएक्स ३ मालिकेच्या नियमाप्रमाणे सप्लायला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेपला पाहिजे. जुना सप्लाय असल्या घोटाला घाबरून बंद पडतो, आणि लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतात.

मग तो बदनाम कनेक्टर. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या बारा व्होल्ट हाय पॉवर कनेक्टरची प्लॅस्टिकं वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. पूर्ण न बसलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं. नवा १२व्ही-२×६ कनेक्टर त्यावरचा सुधारित; त्यातल्या संदेशाच्या पिना आखूड केल्यात, म्हणजे प्लग सैल असला तर कार्डाला वीजच मागता येऊ नये. तरी ५०९० चे ५७५ वॅट आणि कनेक्टरची मर्यादा ६००. अंतर फारच थोडं. म्हणून सप्लायसोबत आलेलीच केबल वापरा, प्लग शेवटपर्यंत दाबा, बॅटरी मारून फट दिसत नाही ना ते बघा, आणि तोंडापासून साडेतीन-चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवा. काचेला दाबून केबल वाकत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, केबलला दोष देऊ नका.

आता भिंत. पूर्ण भारात ५०९० वाला पीसी ८०० वॅट घेतो असं धरा. नव्वद टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ८९० वॅट, २३० व्होल्टवर चार अँपियरच्या आत. घरच्या पॉइंटला हे जड नाही. जड होतं ते एकाच एक्स्टेन्शनवर पीसी, पडदा, इस्त्री आणि कूलर लावल्यावर.

अर्थिंग तपासल्याशिवाय पीसी लावू नका. जुन्या पेठांतल्या कित्येक घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ते त्याचंच लक्षण. सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह बॉडीवर येतो; अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून. इलेक्ट्रिशियनला बोलवा, आधी न्यूट्रल आणि अर्थ, मग फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. पहिलं दोन-तीन व्होल्टच्या आत आणि दुसरं २३० च्या आसपास असेल तर ठीक. पहिलं पन्नास-साठ दाखवलं किंवा दुसरं बरंच कमी, तर आधी घराचं काम, मग पीसी.

यूपीएस घेताना व्हीए बघू नका, वॅट बघा. हापिसातला ६०० व्हीएचा डबा साधारण ३६० वॅटचा असतो; गेम चालू असताना लाईट गेली की तोही जातो. ५०८० च्या पीसीला पडद्यासकट ९०० वॅटचा, म्हणजे बहुधा १५०० व्हीएचा, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हवाला. स्वस्तातल्या यूपीएसची लहर पायऱ्यांसारखी असते. आजचे काही पॉवर सप्लाय ती बघून तिथल्या तिथं बंद पडतात. यूपीएस खेळत राहायला नसतो, गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला असतो. पाच मिनिटं पुरतात.

वळवाच्या दिवसांत ढगांचा आवाज सुरू झाला की प्लग तर काढाच, लॅनची केबलही काढा. माझा स्वतःचा एक बोर्ड असाच गेला. प्लग काढला होता, यूपीएस बंद होता, वीज आली ती राऊटरकडून लॅनच्या वायरने. तेव्हापासून माझं इंटरनेट वायफायवर आणि मन शांत.

आणि पूररेषेजवळ राहणाऱ्यांसाठी: २०१९ आणि २०२१ दोन्ही आठवत असतीलच. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. घर तळमजल्यावर असेल तर ३९ चा आकडा कानावर आला की पेटी माळ्यावर. वीस किलोचं कॅबिनेट ऐनवेळी उचलायला दोघं लागतात, हे निवडतानाच धरा.

पायरी ७: कॅबिनेट आणि थंडावा

पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घ्या. पुढे आणि बाजूला काचच काच असलेले मत्स्यालयासारखे डबे दिसायला देखणे, पण त्यात हवा कुठून घेणार तेही बघा. धूळ-जाळ्या सहज निघणाऱ्या असाव्यात. महिन्यातून एकदा नळाखाली धरल्या की काम झालं. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची जागा मिलिमीटरमध्ये जुळवून बघा, मोठी कार्डं ३३० ते ३६० मिमी असतात.

९८००एक्स३डीला चांगला दोन मनोऱ्यांचा एअर कूलर पुरतो. ३६० मिमीचा लिक्विड कूलर लावलात तर तो छताला लावा, म्हणजे पाइपातली हवा पंपात अडकत नाही. मी स्वतः एअरवालाच लावतो: त्यात बिघडायला पंखा सोडून काही नाही.

हे सगळं करूनही उष्णता कुठं जात नाही, खोलीतच येते. ५०९० वाला पीसी म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत पाऊण किलोवॅटचा हिटर. मे महिन्यात दार बंद करून खेळलात तर पांढऱ्या रश्श्यातल्या मटणागत शिजाल. एसीचा खर्चही कागदावर येऊ दे.

काचेचं झाकण काढल्यावर फरशीवर कधी टेकवू नका. टफन काच मधून दगड सोसते, पण कड टाइलला जराशी लागली की क्षणात चुरा होतो. गादीवर ठेवा.

पायरी ८: खरेदी

राजारामपुरी-शाहूपुरीतलं दुकान, ऑनलाइन, की मुंबईचा लॅमिंग्टन रोड? माझं उत्तर मिसळ. ज्याला बिघडल्यावर हातोहात न्यायला लागेल ते, म्हणजे पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, मॉनिटर, इथलं. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. कार्ड आणि प्रोसेसर जिथं भावात खरा फरक पडतो तिथून.

जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. ‘बिल नको असंल तर कमी करतो’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा. वॉरंटीच्या वेळी ते बिलच तुमची बाजू मांडतं. ऑनलाइन आलेला खोका फोडतानाचा व्हिडिओ सलग काढा, पट्टी कापण्यापासून. आणि सगळे पार्ट दहा-पंधरा दिवसांच्या आत गोळा करा. कार्ड आज आणि प्रोसेसर दोन महिन्यांनी असं केलंत, तर कार्ड मेलेलं आहे हे कळेपर्यंत बदलून द्यायची मुदत संपलेली असते.

पायरी ९: जोडणी आणि पहिलं बटण

जोडणी दुकानातून करून घेतलीत तरी समोर बसून बघा. एएम५च्या पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत; त्यांना बोट लावायचं नाही. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढला का, हे मोठ्याने विचारा. हसतील, हसू देत. तो न काढलेले दोन पीसी माझ्याकडे ‘लई तापतोय’ म्हणून आलेत.

सुरू झाल्यावर तीन गोष्टी लगेच. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डाला नव्हे. एका मित्राने तीन महिने लाखाचं कार्ड नुसतं शोभेला ठेवलं होतं. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग उघडणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर पळत राहील. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्‌झ वाढवा, कारण २४० चा पडदाही बऱ्याचदा ६० वर सुरू होतो.

भाच्याच्या कागदावर शेवटी हे उरलं: ३२ इंची ४के पडदा, ५०८०, ९८००एक्स३डी, ३२ जीबी, दोन टीबी, हजार वॅटचा सप्लाय, १५०० व्हीएचा यूपीएस. अर्थिंगचं काम त्याच आठवड्यात झालं. रविवारी सकाळी पीसी जोडून झाला, दाजी मिसळ घेऊन आले आणि हौसेने बटण त्यांनीच दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं.

‘काय रं,’ दाजी म्हणाले, ‘चार लाख आत गेलं आन्‌ बाहीर कायबी यीना?’

डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी सूर जुळवत बसतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, काही मिनिटं लागतात, आणि या काळात घाबरून बटण दाबायचं नसतं. मी दाजींचा हात धरून ठेवला. मिसळीचा कट गार होत आला होता तेव्हा कुठं पडद्यावर बोर्डाचं नाव उमटलं.